नवरीआधी मामाच्या अंगावर

मंगळवारी दुपारी पावणेदोन वाजता, मंचरच्या बाजारपेठेतल्या एका कापडदुकानात, नवरीचे सख्खे मामा संपत रखमाजी गाडगे, राहणार निमगाव सावा, यांनी डोक्यावरचा फेटा तसाच ठेवून, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमक्ष, नवरीचा शालू नेसला.

शालू डाळिंबी रंगाचा होता. पदर डाव्या खांद्यावरून व्यवस्थित खाली आला होता आणि निऱ्या, जाणकार बायकांच्या मते, निर्दोष होत्या. या घटनेचे नंतर पारगाव, लोणी आणि निमगाव सावा या तीन गावांत निरनिराळे वृत्तांत पसरले. त्यांतल्या एकाही वृत्तांतात निऱ्यांबद्दल मतभेद नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे.

संपतराव सुवालालशेठच्या या दुकानात बरीच वर्षं नोकरीला होते. काय म्हणून नोकरीला होते, याची दोन उत्तरं होती. गावात ते मॅनेजर होते. स्वतः त्यांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. फक्त कोणी म्हटलं तर नाही म्हटलं नव्हतं. दुकानात मात्र ते साडी दाखवायला होते. आता साडी दाखवणं हे काम ऐकायला सोपं आहे. पण घडीतली साडी बघून कोणी विकत घेत नाही. पदर कसा पडतो, काठ कुठे येतो, हे अंगावर बघावं लागतं, आणि गिऱ्हाईक बाई काही भर दुकानात साडी नेसून बघत नाही. तेव्हा विकणाऱ्यानेच ती पँट-शर्टावरून नेसायची. पांढऱ्या गादीवर उभं राहायचं, निऱ्या घालायच्या, पदर खांद्यावर टाकायचा, एक गिरकी घ्यायची. आणि चेहरा असा ठेवायचा, की आपल्या अंगावर साडी आहे हे आपल्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

संपतराव उंच आणि शिडशिडीत. मान लांब, खांदे सरळ. देवाने हा बांधा पोलीस भरतीसाठी दिला होता, असं त्यांचे वडील रखमाजी यांचं मत होतं. पोलीस खात्याचं तसं पडलं नाही. सुवालालशेठनी मात्र पहिल्याच दिवशी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "संपतराव, तुम्ही गल्ल्याकडे नको. तुम्ही गादीवर." तेव्हापासून ते गादीवर होते. संपतरावांच्या अंगावर गेलेली साडी सहसा परत घडीत जात नसे. घोडेगावपासून ओतूरपर्यंतच्या बायका दुकानात शिरताना विचारत, "ते पदर घेणारं उंच भाऊ कुठं गेलं?" एखाद्या माणसाला आपल्या कामात इतकं नाव मिळावं आणि ते नाव घरी सांगता येऊ नये, याला काय म्हणावं, हे संपतरावांना कळत नसे. ते त्याला नशीब म्हणत.

ही नोकरी त्यांनी केव्हाच सोडली असती. दरवर्षी दिवाळीनंतर ते सोडायचं ठरवत. बरोबर शिकलेला एक मित्र खताच्या कंपनीत होता. तो बोलवत होता, कंपनी मोटारसायकल देणार होती, आणि त्या कामात फार तर युरियाची गोणी उचलून दाखवावी लागली असती, नेसून नाही. पण मध्ये शाळा होती.

शेठचीच शाळा. शेठच्या पत्नी सूरजबाई, त्यांच्या नावाने सूरज इंटरनॅशनल स्कूल. इंटरनॅशनल का, तर तिच्या बस आंबेगाव तालुक्याची हद्द ओलांडून जुन्नर तालुक्यात जात. शाळा इंग्रजी, फी दांडगी, आणि नियम सरळ : दुकानातल्या माणसाच्या पोरांना फी माफ. बाप जोवर दुकानात, पोरं तोवर शाळेत. संपतरावांची प्राची आठवीत जाणार होती आणि ऋषी पाचवीत. प्राचीने गॅदरिंगला इंग्रजीत भाषण केलं तेव्हा संपतरावांना एक अक्षर कळलं नाही आणि डोळे भरून आले. कळलं असतं, तर कदाचित भरले नसते. त्या दिवशी परत येताना त्यांनी बायकोला, अंजनाला, सांगितलं, "दहावीपर्यंत काढू. कायबी होऊ द्या."

'कायबी' हा शब्द माणसाने जपून वापरावा.

लग्न ठरलं संपतरावांच्या भाचीचं. थोरली बहीण हिराआक्का पारगावला दिलेली, तिची मुलगी हर्षाली. स्थळ लोणीचं. मुलगा आदेश, कारखान्यात नोकरीला. मुलाचे वडील भिमाजी, माजी सरपंच, म्हणजे आवाजाने आजी. कुंकू लागलं आणि दुसऱ्याच दिवशी हिराआक्काचा दुकानात फोन आला.

"संपत, बस्ता आपन तुज्याच दुकानात बांधायचा. लोनीवाल्यांना म्या सांगितलं, माजा भाऊ मॅनेजर हाय तितं."

बस्ता म्हणजे लग्नाचे कपडे. ते घ्यायला दोन्ही गावांची माणसं टेम्पो भरून येतात, दिवसभर दुकानात बसतात आणि एकमेकांचा अपमान कुठे होतोय यावर लक्ष ठेवतात. म्हणजे आता बहीण, मेव्हणे, भाची, भाचीची सासरवाडी, एवढी मंडळी गादीसमोर बसणार आणि गादीवर संपतराव उभे राहणार. फोन ठेवल्यावर त्यांना बराच वेळ घडी घालता येईना.

घरी आल्यावर त्यांनी शेजारच्या सावळेरामचा सल्ला घेतला. सावळेराम एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. संपतरावांचं खरं काम गावात त्या एकट्याला माहीत होतं, कारण त्याने स्वतःच्या सुनेसाठी तिथूनच साडी घेतली होती. उभी हयात माणसांना मागे सरकायला सांगण्यात गेल्यामुळे कोणत्याही अडचणीवर त्याचा सल्ला मागे सरकण्याचाच असे.

"सांगा, दुकानाचं रंगकाम चाललंय. महिनाभर बंद."

संपतरावांनी तसं सांगितलं. मेव्हण्यांनी सवलतीचं बोलायला म्हणून थेट शेठना फोन लावला आणि सहज विचारलं, रंग कोणता देताय? शेठ म्हणाले, "कसला रंग?"

"मग सांगा, नारायणगावला स्वस्त मिळतं," सावळेराम म्हणाला.

तेही सांगितलं. त्यावर हिराआक्का स्वतः एस.टी.ने निमगावला आली, आल्या आल्या ओट्यावर बसली आणि पदर डोळ्याला लावला. "बहिनीची पोर उजवायची म्हनल्यावर भावाला आमी जड झालो. दुकान कुनाचं का असंना, पन भाऊ दारात उबा नको?" ते ऐकून संपतरावांच्या आई, ठमाबाई, यांनी रात्रीचं जेवण नको म्हटलं. रखमाजींना काहीच ऐकू गेलं नव्हतं, पण बायको जेवत नाही म्हणताना त्यांनीही ताट सरकवलं. संपतराव कबूल झाले.

आता उरली रजा. त्या दिवशी रजा काढली, तर ते नुसते मामा. दुकानात जातील, मानाने बसतील, चहा पितील, आणि साडी दुसरा कोणीतरी नेसेल. ही साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही म्हणून ते स्वतःवरच खूश झाले आणि डिंपल मॅडमकडे गेले.

डिंपल मॅडम शेठच्या सूनबाई. पुण्यात शिकलेल्या. शाळा त्याच बघत आणि अलीकडे दुकानातल्या माणसांची हजेरीही त्यांनी कॉम्प्युटरवर घेतली होती. अत्यंत गोड बोलत. दुकानातला भिका म्हणायचा, मॅडमनी नाही म्हटलंय हे घरी जाऊन भाकरी खाताना कळतं.

"काका, लग्नसराईत रजा घेतली तर त्या टर्मची फी-सवलत जाते. तुम्हाला माहितीये ना?"

"मॅडम, पन मी नवरीचा मामा हाय."

"हो ना काका, किती छान! पण सिस्टीममध्ये आजारी आहे, घरात कोणी वारलंय, एवढेच ऑप्शन आहेत. मामा असा ऑप्शनच नाहीये."

संपतरावांनी दोन्ही ऑप्शनांवर विचार केला. भाचीच्या लग्नात आजारी पडता येत होतं, पण आजारी माणसाने बस्त्याला कसं यायचं? दुसऱ्या ऑप्शनसाठी घरातलं कोणी तयार होण्यासारखं नव्हतं.

शेवटी ते शेठकडे गेले. शेठ गल्ल्यावर बसल्या बसल्याच माणसाची अडचण ओळखत. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि न्याय दिला. त्या दिवशी संपतराव पाहुण्यांत बसतील, हजेरी लागेल, साड्या भिका दाखवेल. संपतराव पाया पडायला वाकले. ते वाकलेलेच असताना शेठ म्हणाले, "फक्त एक बघा. दोन टेम्पो भरून गिऱ्हाईक येतंय. ते उठून दुसऱ्या दुकानात गेलं नाही पाहिजे. ती जबाबदारी तुमची. नाहीतर मग डिंपलबेटीच्या सिस्टीमला मी पण काय सांगू?"

मंगळवारी सकाळी दोन टेम्पो आणि एक जीप दुकानासमोर लागली. संपतरावांनी पांढरा सदरा, पांढरा लेंगा घातला होता आणि वर फेटा बांधला होता. बस्त्याला कोणी फेटा बांधत नाही, फेटा लग्नात. पण संपतरावांचा त्यामागे विचार होता. डोक्यावर फेटा असलेल्या माणसाला साडी नेसायला कोणी सांगत नाही. जगात कोणी सांगितल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

"मामा एकदम ऐटीत!" भिमाजी म्हणाले आणि त्यांना हाताला धरून शेजारी बसवून घेतलं. हिराआक्काने लोणीच्या बायकांकडे अशा नजरेने बघितलं, की हे दुकान निम्मं तरी आमचंच. संपतरावांना आयुष्यात प्रथमच ती गादी समोरून दिसली. तिथून ती बरीच लहान दिसत होती.

गादीवर भिका चढला. भिका कामाला प्रामाणिक, पण बुटका, गोल, आणि मिशा अशा की साडीच्या आधी त्याच दिसत. साडी त्याच्याभोवती जेमतेम दीड वेढा बसे आणि पदर पायात येई. शिवाय त्याला गुदगुल्या होत. पहिला शालू अंगावर घेताच तो खुदकन हसला. लोणीच्या बायका हसल्या नाहीत. दुसरा घेतला तेव्हा भिमाजींच्या थोरल्या बहिणीने, आत्याबाईंनी, विचारलं, "आमची नवरी अशी दिसनार का?" हर्षालीच्या डोळ्यात पाणी आलं. तिने हिंदी मालिकेतला कुठलासा शालू मनात धरला होता. त्या मालिकेत भिका नव्हता.

पुढे सगळं तिथून बिघडत गेलं. लोणीला डाळिंबी हवा होता, पारगावला हिरवा. डाळिंबी भिकाच्या अंगावर आला की पारगावच्या बायका माना वळवत, हिरवा आला की लोणीच्या. जेवणाची वेळ झाली. बस्त्याचं जेवण दुकानाकडून. सूरजबाई जातीने उभ्या राहून वाढत. पुरी, शिरा, मटकी, मठ्ठा, सगळं उत्तम, पण त्यांच्या घरच्या रीतीने बिनकांद्याचं, बिनलसणाचं. लोणीच्या पुरुष मंडळींच्या घरी त्या वेळी चाळी भरून कांदा पडलेला होता. एक जण मटकीत बोट फिरवून म्हणाला, "आमी पिकवायचा, इकायचा, आन इतं येऊन शोधायचा व्हय?" सूरजबाईंनी त्याला शिरा वाढला. तो गप्प बसला, पण पोटातून नाही.

जेवणानंतर भिमाजी उठले. सदरा झटकला. "चला. नारायनगावला जाऊ. इतं काय मन बसंना राव."

संपतरावांनी गल्ल्याकडे पाहिलं. शेठ त्यांच्याकडेच पाहत होते. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं. शेठ नुसते पाहत होते. शेठच्या डोक्यामागे भिंतीवर शाळेचं कॅलेंडर होतं आणि त्यावर ओळीने गणवेशातली पोरं हसत होती.

"पावणं, बसा की जरा," संपतराव म्हणाले. "भिका, तो डाळिंबी पुन्हा एकदा दाव."

भिकाने घाईघाईने शालू गुंडाळला. पाहुणे उभ्यानेच बघू लागले. आणि इथे संपतरावांच्या हातून ती चूक झाली. साडीवर साडी नेसून ज्याची वर्षं गेली आहेत, त्याला उलट्या घातलेल्या निऱ्या बघवत नाहीत. सुताराला हलणारा पाट बघवत नाही, तसं आहे ते. तोंडातून शब्द निघून गेला.

"अरे भिका, निऱ्यांचं तोंड डावीकडं घे ना."

आत्याबाई गर्रकन वळल्या. "आँ? मामांना लई कळतंय."

"न्हाई, आपलं असंच."

"थांबा थांबा." आत्याबाई जवळ आल्या. त्यांनी फेट्याखालचा चेहरा न्याहाळला, मग एक पाऊल मागे जाऊन उंची न्याहाळली. "मागल्या साली आमच्या नणंदंच्या पोरीचा बस्ता इतंच बांधला. तवा एक उंच भाऊ व्हते पदर घ्यायला. तुमीच का न्हाई ते?"

"तो माजा भाऊ असंल," संपतराव म्हणाले.

"तुला कुठं भाऊ हाय?" हिराआक्का म्हणाली. भोळेपणाने म्हणाली. सख्ख्या बहिणीइतका अचूक घाव परका माणूस घालू शकत नाही.

भिका शालूत उभा होता आणि आता त्यालाही हसू येत नव्हतं. भिमाजींनी संपतरावांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ते पुन्हा खाली बसले.

"मग मामा, तुमीच दावा की राव. दिवस का घालवला आमचा?"

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. संपतराव गादीवर चढले. फेटा काढावा का, हा प्रश्न त्यांना पडला होता. पण काढला तर मामापण गेलं आणि ठेवला तर जे दिसेल ते दिसेल, या दोन्हींत त्यांनी ठेवण्याचं ठरवलं. डाळिंबी शालू त्यांनी असा उलगडला, की दोन्ही गावांच्या बायकांनी एकदमच श्वास घेतला. निऱ्या पडल्या. पदर खांद्यावर गेला. त्याच वेळी दुकानात लख्ख उजेड झाला. आदेशच्या मित्रांनी लग्नाचं शूटिंग बस्त्यापासून करायचं ठरवलं होतं, आणि जेवून आलेला व्हिडिओवाला कामाला लागला होता.

"मामा, एकदा फिरा," तो म्हणाला.

आणि संपतराव फिरले. मुद्दाम नाही, सवयीने. चेहराही सवयीचाच होता.

"ह्योच," आत्याबाई म्हणाल्या.

"ह्योच," पारगाववाल्याही म्हणाल्या. हिरव्याचं नाव परत कोणी काढलं नाही. हर्षाली तर टाळ्या वाजवायची तेवढी राहिली. एका म्हातारीने शंका काढली, की नवरीच्या आधी मामानं शालू नेसला, हे शुभ का अशुभ? आत्याबाईंनी ती जागीच निकालात काढली. जगातल्या हर नवरीचा शालू आधी कुठल्यातरी बाप्याच्या अंगावरूनच येतो, त्या म्हणाल्या; इथं बाप्या घरचा आहे, एवढंच. हिराआक्का मात्र तोंडाला पदर लावून बसली होती, आणि मानपानाच्या साड्या निघेपर्यंत तिने तो काढला नाही. मानपानाच्या साड्याही संपतरावांनीच दाखवल्या. एकदा नेसलाच आहात तर, असं भिमाजी म्हणाले.

लग्न उत्तम पार पडलं. मांडवात मामांचा सत्कार झाला. सत्कारानंतर लोणीच्या तीन बायकांनी त्यांना बाजूला घेऊन निऱ्या नीट करून मागितल्या.

इथपर्यंत आलेलं संपतराव गिळू शकले असते. माणूस बरंच गिळतो. पण व्हिडिओवाल्याने ती कॅसेट शेठच्या दुकानात आणून दाखवली, आणि ती डिंपल मॅडमनी पाहिली.

आठवड्याभरात मंचरच्या केबलवर, रात्रीच्या हिंदी सिनेमाच्या मध्ये, जाहिरात सुरू झाली. सनई वाजते, फेटेवाला मामा गंभीर चेहऱ्याने शालूत गिरकी घेतो, मग अक्षरं येतात, 'मामाची माया, आमचा शालू'. केबल निमगाव साव्यातही होतं. रखमाजींनी जाहिरात पाहिली आणि विचारलं, हा पोलिसात का गेला नाही? अंजनाने ती लागोपाठ तीन रात्री पाहिली. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढी वर्सं संसार केला. माज्या निऱ्या कदी धरल्या न्हाईत."

संपतराव तडक डिंपल मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. वाटेत त्यांनी राजीनामा तोंडपाठ केला होता.

"काका!" मॅडम म्हणाल्या. "रिस्पॉन्स बघितला? लोक विचारतायत मामा कुठेयत. मी सासरेबुवांशी बोललेय. प्राची आणि ऋषी, दोघांचीही फी बारावीपर्यंत माफ. आपण कॉलेज काढतोय ना! फक्त फ्लेक्सला तुमचा फोटो आणि शाळा उघडली की पालकमेळाव्यात एक छोटासा लाइव्ह डेमो. फेटा बांधूनच या हं."

संपतराव पाठ केलेलं विसरले. दहावीपर्यंत काढायचं होतं, ते आता बारावीवर गेलं होतं. माणसाची शिक्षा वाढवावी आणि त्याने आभार मानावेत, असा प्रसंग कोर्टातही विरळा. संपतरावांनी आभार मानले. घरी जाऊन भाकरी खाताना त्यांना कळलं, की मॅडमनी आपल्याला पालकमेळावा दिला आहे.

ती भाकरी खातानाच प्राची समोर येऊन बसली. सुट्टीभर ती फारशी बोलत नव्हती. वर्गातल्या दोन मुली पारगावच्या होत्या, त्यांच्या घरी केबल होतं.

"पप्पा, मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय तुम्ही मॅनेजर आहात."

"मग?"

"मग काय मग? मला शालू म्हणतायत त्या. शाळा सुरू पण नाही झाली अजून." तिचा आवाज चढला नाही, तेच संपतरावांना लागलं. "तुम्ही ते साडी नेसायचं सोडा. मग मी जाते शाळेत."

"अगं, ते सोडलं तर शाळा कुठली? शाळा त्याच्यावरच हाय."

"मग मी नाही जात. गावातल्या हायस्कूलला जाते."

"हायस्कूललाच जायचं तर मी कशापायी नेसतोय?"

"तेच विचारतेय मी."

पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं तरी त्यात कुठून बाहेर पडायचं ते दिसत नव्हतं. तिने शाळेत जावं म्हणून ते साडी नेसत होते, आणि ते साडी नेसत होते म्हणून ती शाळेत जाणार नव्हती. नोकरी सोडावी, तर ऋषी राहिला मध्ये. ऋषीला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्याचे पप्पा टीव्हीवर येत होते. तो ठमाबाईंचं लुगडं गुंडाळून गोठ्यासमोर गिरक्या घेई आणि म्हशींना 'मामाची माया' ऐकवी. पालकमेळाव्यात आपल्यालाही घ्या, असं त्याने मॅडमना विचारायला सांगितलं होतं.

संपतराव सावळेरामकडे गेले. सावळेरामने तंबाखू मळेपर्यंत विचार केला.

"मागं सरकायला जागा न्हाई आता," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सल्ला नव्हता. मग माणसाला धीर द्यावा म्हणून म्हणाला, "पन फ्लेक्स झ्याक झालाय. नाक्यावरून लांबून दिसतो. उसातला बिबट्याबी बुजंल."

खताच्या कंपनीतल्या मित्राचा फोन आला. जागा अजून होती, पण महिनाअखेरपर्यंतच. संपतरावांनी कळवतो म्हटलं. अंजनाचं म्हणणं, पोरीला चार दिवस हायस्कूलला जाऊ द्या, येईल वळणावर. ठमाबाईंचं म्हणणं, तिचं लगीन लावून द्या. रखमाजींचं म्हणणं, पोलीस भरती परत निघाली आहे. हिराआक्काचं काहीच म्हणणं नव्हतं. ती बस्त्यापासून फोनवर आली नव्हती. फक्त लोणीहून हर्षालीने निरोप पाठवला, की मामांनी दाखवलेला शालू तिकडे सगळ्यांना आवडला आणि आत्याबाईंच्या नातीचं ठरतंय, तेव्हा मामांना तारीख मोकळी ठेवायला सांगा.

शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडली. पहिले तीन दिवस बसमध्ये ऋषी एकटा गेला. प्राचीच्या पोटात दुखत होतं, असं शाळेला कळवलं. मॅडमनी संपतरावांना दुकानात गाठून प्रेमाने चौकशी केली आणि सांगितलं, की सवलत हजर विद्यार्थ्यांसाठी असते. सिस्टीम तशी आहे. पालकमेळावा पुढच्या शनिवारी.

सोमवारी सकाळी बस नेहमीप्रमाणे चौकात आली. संपतरावही त्याच बसने मंचरला जात. जुन्नरकडचा मोठा बस्ता यायचा होता आणि त्यांना दहाच्या आत गादीवर पोचायचं होतं. ऋषी चढला. संपतराव चढले आणि ड्रायव्हरला थांब म्हणाले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. प्राची घराच्या दारात आली. युनिफॉर्म अंगात होता, दोन वेण्या घातलेल्या होत्या, पायात बूटही होते. दप्तर पाठीवर नव्हतं.

"ताई येनार का न्हाई?" ड्रायव्हरने विचारलं.

संपतराव बसच्या पायरीवरच उभे राहिले. प्राचीही जागची हलली नाही. ड्रायव्हरने दुसरा हॉर्न दिला.